पँथर आले, गाणी मागेच राहिली

आजचा भाग इअरफोन लावून ऐकायचा आहे, आणि मध्ये मध्ये पॉज करायचा आहे. मी अल्बमचं नाव सांगीन, तुम्ही तुमच्या फोनवर शोधायचं, दोन गाणी ऐकायची आणि परत यायचं. मी गाणी इथे वाजवणार नाही. हक्क माझे नाहीत. हक्क कोणाचे हाच आजच्या गोष्टीतला मोठा भाग आहे, तिथे येतोच.

सुरुवात महाराष्ट्रातून. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पुण्यात बसून, जहाजाच्या टपालाच्या काळात. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिकडच्या डू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. डू बॉइस यांचं उत्तरही आलं. मग १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. महिना बघा. बरोबर दहा वर्षांपूर्वी, १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये, आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली होती. योगायोगच आहे, पण लक्षात ठेवायला सोपा. आणि १९७२ च्या मे अखेरीस नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत दलित पँथर उभी केली. ओकलंडचं नाव वर्तमानपत्रांतून, मासिकांतून आलं, आणि वर्षभरात गावोगावच्या वस्त्यांत पोचलं.

नाव आलं. विचार आला. आवाज मात्र आला नाही.

काऊन नाही आला? कागद स्वस्त असतो, एक मासिक दहा जण वाचतात. रेकॉर्ड महाग. १९७२ मध्ये परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती. देशात रेकॉर्डचा धंदा मुख्यतः कुत्र्याच्या चित्राच्या एचएमव्हीकडे, आणि ते छापत सिनेमाची गाणी, शास्त्रीय, भावगीतं, भक्तिगीतं. डेट्रॉइट नि मेम्फिसच्या काळ्या गायकांच्या तबकड्या मुंबईच्या एखाद्या श्रीमंत घरात पोचत असतील. इंदोऱ्यात किंवा पाचपावलीत नाही. तेव्हा ज्या पोरांनी पँथर हे नाव छातीवर लावलं, त्यांना त्या पँथरच्या वस्तीत रात्री काय वाजायचं ते ऐकता आलं नाही. आज तेच सगळं तुमच्या खिशात पडून आहे, आणि आपण तीच तीन रील पुन्हा पुन्हा बघतो.

चला, डेट्रॉइटला जाऊ.

विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, कापसाच्या शेतांवर राबणारे लाखो काळे लोक उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले. कापूस, जमीनदार, जात म्हणजे तिकडे रंग, आणि सुटकेचा रस्ता म्हणून कारखाना. ओळखीचं वाटतं ना? टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ मध्ये सुरू झाली, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून महार माणसं गिरणीत आली. गावकामगाराचा हातात रोकड पगार घेणारा कामगार झाला. पगाराबरोबर वस्ती आली, वस्तीबरोबर शाळा, छापखाना, भजनी मंडळ, सभा. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे हे त्याच काळातले. नागपुरात मुलींची शाळा, गिरणी कामगारांची संघटना, एकामागून एक पत्रं, आणि त्याबरोबर कविता नि चोखामेळ्याची ओढ. त्या गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे, तुम्ही तिथे सिनेमा बघायला गेला असाल.

डेट्रॉइटमध्ये गिरणीऐवजी मोटारी. तिथल्या असेंब्ली लाइनवर काम केलेला बेरी गॉर्डी नावाचा तरुण १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेतो आणि रेकॉर्ड कंपनी काढतो. तीच मोटाउन. मोटरटाउनचं मोटाउन. गाणी बनवायची पद्धतसुद्धा कारखान्याची. एक जण शब्द, एक जण चाल, खाली तळघरासारख्या खोलीत ठरलेले वादक, वर तपासणी विभाग. गायकानं यायचं, गायचं, जायचं. तीन मिनिटांची चकचकीत गाणी बाहेर पडायची, गोऱ्या पोरापोरींनाही आवडतील अशी. त्यात रस्त्यावरचा राग, पोलिसांची काठी, युद्ध, काहीच नाही.

इथे पहिला अल्बम. मार्विन गे, 'व्हॉट्स गोइंग ऑन', मे १९७१.

मार्विन हा मोटाउनचा देखणा, प्रेमगीतं गाणारा हिरो. त्याचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परत आला होता, तिथलं बघून. मूळ गाण्याची कल्पना दुसऱ्याच एका गायकाला सुचली, बर्कलेमध्ये पोलिसांना पोरांवर तुटून पडताना बघून. मार्विननं ते घेतलं, आपल्या पद्धतीनं रेकॉर्ड केलं, आणि गॉर्डीला ते बिलकूल आवडलं नाही. हे चालणार नाही, असं कंपनीचं मत. मार्विन अडून बसला. शेवटी १९७१ च्या जानेवारीत गाणं बाहेर आलं आणि असं खपलं की कंपनीच आता पूर्ण अल्बम दे म्हणून मागे लागली.

हा अल्बम शफलवर लावायचा नाही, एवढी विनंती आहे. नऊ गाणी, पस्तीस-छत्तीस मिनिटं, आणि एक गाणं संपत संपत दुसऱ्यात शिरतं. खापरीहून ऑरेंज लाइन मेट्रोत बसा, तिकडच्या टोकाला ऑटोमोटिव्ह चौक आहे. मोटारींच्या शहरातली रेकॉर्ड ऐकत ऑटोमोटिव्ह चौकाला उतरायचं, याहून योग्य काय! (पीजे आहे, माहीत आहे.) ऐकताना पहिल्यांदा मार्विनचा आवाज सोडा, खालचा बास धरा. तो जेम्स जेमरसन. मोटाउनच्या शेकडो गाण्यांत तो वाजला आणि कव्हरवर त्याचं नाव कधी छापलं गेलं नव्हतं. या अल्बमवर वादकांची नावं छापली. कंपनी सुरू होऊन बारा वर्षं झाल्यावर. आपल्याकडे ढोलकीवाल्याचं, बुलबुलतरंगवाल्याचं नाव किती कॅसेटवर असायचं ते आठवून बघा.

आता थोडं मागे, चर्चमध्ये जावं लागेल. त्याशिवाय सोल म्हणजे काय ते कळत नाही.

काळ्या अमेरिकन चर्चमध्ये पाद्री बोलता बोलता गाऊ लागतो, समोरचे लोक प्रत्येक ओळीला उत्तर देतात, टाळ्या, पाय, ऑर्गन. या गाण्याला गॉस्पेल म्हणतात. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात, कीर्तनात टाळकरी धृपद उचलतात, कव्वालीत टाळ्यांवर ओळ परत परत येते. तोच व्यवहार. १९५४ मध्ये रे चार्ल्स या अंध गायकानं काय केलं, तर रेडिओवरच्या एका गॉस्पेल गाण्याची चाल उचलली, येशूच्या जागी एक बाई आणली आणि 'आय गॉट अ वुमन' केलं. चर्चवाले भडकले. देवाची चाल बाजारात नेली म्हणून. पण तिथून सोल सुरू झालं असं बहुतेक जण मानतात.

आणि आपल्याकडे? भीमगीताची गंमत अशी की त्यानं याच्या पुढची उडी मारली. सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे, मग वामनदादा कर्डक. तमाशाचा बाज, भजनाची चाल, कव्वालीचा ठेका, सिनेमातली ओळखीची धून, सगळं घेतलं आणि देव काढून टाकला. रे चार्ल्सनं देवाच्या जागी प्रेयसी बसवली. वामनदादांनी तिथे माणूस बसवला, पुस्तक बसवलं, संविधान बसवलं. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांनंतर जुने देव परत आणायचा प्रश्नच नव्हता, पण गळ्याला सवय झालेली चाल कोण कशी सोडणार? शब्द बदलतात, गळा तोच राहतो. प्रल्हाद शिंदे घ्या. त्याच भरदार आवाजात विठ्ठलाची गाणी, त्याच आवाजात भीमगीतं, त्याच आवाजात कव्वाली. कोणी त्यांना विचारलं नाही की नक्की कुठल्या बाजूचे. तिकडे मात्र गॉस्पेल गायकानं बाजारू गाणं गायलं की चर्चचं दार बंद व्हायचं. माझ्या मते या बाबतीत आपले श्रोते जास्त मोकळे होते.

आता दुसरा अल्बम, आणि एकच ऐकणार असाल तर हाच. अरिथा फ्रँकलिन, 'अमेझिंग ग्रेस'.

अरिथा डेट्रॉइटच्या एका नामांकित पाद्र्याची मुलगी. लहानपणी वडिलांच्या चर्चमध्ये गायची. १९६७ मध्ये तिनं ओटिस रेडिंगचं 'रिस्पेक्ट' घेतलं. मूळ गाण्यात दमून घरी आलेला नवरा बायकोकडे मान मागतो. अरिथानं ते उलटं केलं, बाई मान मागते, शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून मागते. काळ्या लोकांच्या आणि बायकांच्या, दोन्ही चळवळींनी ते गाणं उचललं. ती देशातली सगळ्यात मोठी गायिका झाली. आणि शिखरावर असताना, १९७२ च्या जानेवारीत, ती लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या एका साध्या चर्चमध्ये परत गेली आणि दोन रात्री फक्त गॉस्पेल गायली. तोच वॉट्स, जिथे १९६५ मध्ये दंगल पेटली होती. हा दुहेरी अल्बम १९७२ च्या जूनमध्ये आला. म्हणजे इकडे दलित पँथर निघाली त्याच दिवसांत. अमेरिकेत त्याच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या.

ऐकताना लोकांकडे लक्ष द्या. कोण हसतंय, कोण ओरडतंय, कोणाला रडू फुटतंय. शीर्षकाचं गाणं दहा मिनिटांच्या वर आहे आणि अरिथा एकेक शब्द इतका ताणते की आपलाच श्वास अडकतो. विलंबित ख्याल ऐकलेल्या माणसाला हे नवीन नाही. दोन्ही रात्रींचं चित्रीकरणही झालं होतं, पण आवाज आणि चित्र जुळवायला लागणाऱ्या पाट्या दिग्दर्शकाच्या टीमनं वापरल्याच नव्हत्या. सिनेमा डब्यात पडून राहिला आणि २०१८ मध्ये, अरिथा गेल्यानंतर, पडद्यावर आला. मिळाला तर बघा.

दीक्षाभूमीचा विषय निघालाय तर एक गोष्ट सांगतो. शाहीर विठ्ठल उमप, ज्यांच्या आवाजात लोककला, कव्वाली आणि भीमगीत सगळं एकत्र होतं, ते २६ नोव्हेंबर २०१० ला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मंचावरच कोसळले आणि गेले. आपल्या गावात. त्यांची किती गाणी आज अधिकृतपणे, स्वच्छ आवाजात, वादकांच्या नावांसह फोनवर मिळतात? शोधून बघा. निम्म्या ठिकाणी गाणं लिहिलं कोणी तेही सापडत नाही.

पुढे. जेम्स ब्राऊन.

याच्याबद्दल फार नाही बोलत, कारण याला बोलून काही होत नाही, नाचावं लागतं. एकच शब्द लक्षात ठेवा, 'सम'. १९६७ च्या सुमारास जेम्स ब्राऊननं आपल्या वादकांना सांगायला सुरुवात केली की मात्रा सगळ्या तुमच्या, पण पहिली मात्रा माझी. सगळ्यांनी पहिलीवर एकत्र आदळायचं. तो त्याला 'द वन' म्हणायचा. तबल्यावाल्याला विचारा, तो म्हणेल, हौ, सम आहे ही. गिटार, बास, ब्रास, सगळी वाद्यं ढोलकीसारखी वाजवायची, सूर कमी नि ठोका जास्त. हेच फंक.

अल्बम मात्र त्याच्या आधीचा घ्या, 'लाइव्ह ॲट द अपोलो', १९६३. ब्राऊनला हार्लेमच्या अपोलो थिएटरमधला कार्यक्रम जसाच्या तसा छापायचा होता. कंपनीचा मालक सिड नेथन म्हणाला, लोकांनी आधीच ऐकलेली गाणी पुन्हा कोण विकत घेणार? ब्राऊननं स्वतःच्या खिशातून ५,७०० डॉलर घातले आणि १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये रेकॉर्डिंग केलं. अल्बम ६६ आठवडे यादीत राहिला. रेडिओवाले पूर्ण बाजू सलग वाजवायचे. अर्ध्या तासाचा आहे. एका गाण्यात तर दहा मिनिटं तो नुसता लोकांशी खेळतो. बायका किंचाळतात, तो थांबतो, पुन्हा विचारतो. मुकाबल्याच्या रात्री कव्वाल मंडळी लोकांना असंच झुलवत ठेवायची.

त्याच्याच बँडमधला ड्रमवाला क्लाइड स्टबलफील्ड. 'फंकी ड्रमर' या गाण्यात तो काही सेकंद एकटा वाजवतो. तेवढे सेकंद नंतर हजारावर गाण्यांत कापून वापरले गेले. तुम्ही जुनं हिप-हॉप ऐकत असाल तर ते नकळत शंभरदा ऐकलंय. गाण्यावर नाव ब्राऊनचं, त्यामुळे स्टबलफील्डच्या हाताला त्या वापरातून जवळपास काही लागलं नाही.

आलो मूळ मुद्द्यावर. हक्क.

मेम्फिसमध्ये एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरमध्ये स्टॅक्स नावाची कंपनी होती. थिएटर असल्यामुळे जमीन उतरती, आवाज वेगळाच घुमायचा. ठरलेल्या बँडमध्ये दोन काळे, दोन गोरे, आणि तेही दक्षिणेत, जिथे त्यांना एका हॉटेलात एकत्र जेवता येत नसे. ओटिस रेडिंग इथलाच. डिसेंबर १९६७ मध्ये ओटिस विमान अपघातात गेला, वय २६. पुढच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना मेम्फिसमध्येच गोळी घातली, लॉरेन मोटेलवर. त्याच मोटेलवर स्टॅक्सची मंडळी बसायची, गाणी लिहायची. आणि त्याच १९६८ मध्ये कळलं की वितरक कंपनीबरोबरच्या जुन्या करारात बारीक अक्षरांत एक कलम आहे. आजवर केलेल्या सगळ्या रेकॉर्डिंगची मालकी वितरकाची. सही करताना स्टॅक्सच्या मालकानं ते नीट वाचलंच नव्हतं. एका सहीनं आठ-नऊ वर्षांची कमाई गेली.

कंपनीचा काळा कारभारी अल बेल यानं ठरवलं, रडत बसायचं नाही. गोदाम रिकामं आहे तर भरू. एकदम सत्तावीस अल्बम काढायचे, म्हणून सगळ्यांना कामाला लावलं. त्या गर्दीत आयझॅक हेझ या पडद्यामागच्या गीतकारानं मला हवं तसं करू द्या म्हणून एक अल्बम केला, 'हॉट बटर्ड सोल', १९६९. अख्ख्या अल्बमवर चारच गाणी. एक अठरा मिनिटांचं, आणि त्यातली पहिली आठ-नऊ मिनिटं तो नुसता गोष्ट सांगतो, खाली ऑर्गनचा एकच सूर धरलेला. रेडिओवर हे वाजणं शक्यच नाही असं सगळ्यांना वाटलं. हाच सगळ्यात जास्त खपला. ऑगस्ट १९७२ मध्ये स्टॅक्सनं वॉट्सच्या दंगलीची आठवण म्हणून लॉस एंजेलिसच्या स्टेडियमवर दिवसभराचा कार्यक्रम केला. तिकीट एक डॉलर, लोक लाखाच्या वर. तीन वर्षांनी, १९७५ अखेरीस, स्टॅक्सचं दिवाळं निघालं.

शिकागोचा कर्टिस मेफील्ड या सगळ्यांत शहाणा. त्यानं १९६८ मध्येच स्वतःची कंपनी काढली. 'सुपर फ्लाय', १९७२, हा एका सिनेमाचा अल्बम. सिनेमा ड्रग विकणाऱ्याला हिरो करतो आणि गाणी त्याच हिरोला सुनावतात. सिनेमा नाही बघितला तरी चालेल, खरंच. आवाज बारीक, जवळजवळ कुजबुज, आणि त्यात एवढी धार! १९९० मध्ये मंचावर दिव्यांचा सांगाडा अंगावर पडून तो मानेखाली लुळा झाला. तरी १९९६ मध्ये त्यानं शेवटचा अल्बम केला, पाठीवर पडून, एका वेळी एकेक ओळ गाऊन.

आता शेवटचा अल्बम, आणि हा उलट्या दिशेनं गेलेला आहे.

मुंबईत जन्मलेली, हिंदुस्तानी संगीत शिकलेली आशा पुथली. साठच्या दशकात मुंबईत जॅझ गायची. वेद मेहतांच्या १९७० च्या पुस्तकात तिचा उल्लेख आला, आणि बिली हॉलिडेला पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंडपर्यंत ती न्यूयॉर्कमध्ये पोचली. १९७१ मध्ये ऑर्नेट कोलमन या जॅझमधल्या बंडखोर माणसाच्या 'सायन्स फिक्शन' अल्बमसाठी तिनं दोन गाणी गायली. मग स्वतःचे अल्बम, बहुतेक युरोपात बनलेले. १९७६ चा 'द डेव्हिल इज लूज' लावा, त्यातलं 'स्पेस टॉक' आधी. बास एकदम फंक, ठेका डिस्कोकडे झुकलेला, आणि वर एक आवाज जो सुरावरून घसरत घसरत जातो, मींड घेतल्यासारखा. अमेरिकन गायिका तशी घसरत नाही. ते मुंबईत शिकलेलं आहे.

न्यूयॉर्कच्या नाचाच्या ठिकाणी 'स्पेस टॉक' गाजलं. १९९७ मध्ये नटोरियस बी.आय.जी.च्या अल्बममध्ये त्याचा तुकडा वापरला गेला. आपल्याकडची रॅप करणारी पोरं बिगीला देव मानतात, त्याची गाणी तोंडपाठ. तर आज रात्री एवढं करा. 'लाइफ आफ्टर डेथ' उघडा, 'द वर्ल्ड इज फिल्ड' या गाण्यावर बोट दाबून धरा, क्रेडिट्स उघडा, आणि गीतकारांच्या लांबलचक यादीत पुथली हे नाव शोधा. सापडलं की स्क्रीनशॉट पाठवा.